किब्ला शोधणारा माणूस: अल-बिरुनी



रोजच्या वाचनात आज आपण सूरह अल्-बकराच्या 177 व्या आयतीपाशी आलो. तिचा आशय माझ्या शब्दांत असा: तोंड पूर्वेला केलं की पश्चिमेला, एवढ्यात नेकी संपत नाही. नेकी म्हणजे अल्लाहवर, अखेरच्या दिवसावर, फरिश्त्यांवर, ग्रंथावर आणि पैगंबरांवर ईमान. आपल्याला पैसा प्यारा असतानाही तो नातेवाइकांवर, अनाथांवर, गरिबांवर, वाटसरूंवर आणि मागणाऱ्यांवर खर्च करणं. नमाज कायम करणं, जकात देणं, दिलेला शब्द पाळणं आणि तंगीत सबर ठेवणं.

ही आयत वाचून एका मैत्रिणीनं मला विचारलं होतं की, नेकी दिशेत नाहीच म्हणतोस, तर मग किब्ल्यासाठी एवढी धडपड कशाला? ॲप बघायचं, खोलीत पलंग सरकवायचा, ट्रेनमध्ये अंदाज बांधायचा, हे सगळं कशासाठी? प्रश्न साधा आहे, पण मला त्याचं उत्तर पटकन देता आलं नाही. मधल्या काळात माझी स्वतःची एक फजिती झाली आणि मी एका माणसाचं चरित्र वाचलं. आजचं चिंतन त्या दोन्हींवर आहे.

आधी फजिती सांगतो.

मेचा दुसरा आठवडा होता. मी सणसरला दादांकडे, म्हणजे माझ्या आजोबांकडे, सुट्टीला गेलो होतो. दुपारी जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही उसाच्या रानात होतो. दादा पन्नास पावलांवर पाण्याचं बारं बदलत होते. मी वजू केला, मोबाईल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला, किब्ल्याचं ॲप उघडलं आणि बाणानं दाखवलेल्या दिशेला तोंड करून नमाज पढलो. दादा आले तेव्हा मी सलाम फेरत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं की, आज वालचंदनगरला सजदा केलास का रे बाबा?

झालं असं की बॉनेट लोखंडाचं, त्यात मोबाईलच्या कव्हरला लोहचुंबक. बाण भलतीकडेच फिरला होता. सावलीवरून कळलं असतं म्हणावं, तर मेच्या त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचे दिवस ते. माझी सावली माझ्याच पायाखाली होती.

मी म्हटलं, नीयत तर चांगली होती. दादांनी मान हलवली. ते मशिदीत बसून ऐकत आलेले मसले सांगतात. हनफी मसला असा आहे की दिशा कळत नसेल आणि विचारायला कुणीच नसेल, तर मनापासून अंदाज घ्यावा आणि नमाज पढावी. अंदाज चुकला तरी ती नमाज होते. पण जाणकार माणूस जवळ असताना न विचारता पढली आणि चुकली, तर ती परत पढायची. मी परत पढलो. चूक बाणाची होतीच, पण पन्नास पावलांवरच्या माणसाला मी विचारलं नव्हतं, ती चूक माझी होती.

त्या रात्री मी शोधायला लागलो की मोबाईल नव्हता, ॲप नव्हतं, तेव्हा लोक किब्ला ठरवायचे कसा. त्यातून अल-बिरुनी सापडले. शाळेच्या इतिहासात आपण त्यांचं नाव एका ओळीत वाचलंय, महमूद गझनवीसोबत आलेला प्रवासी म्हणून. त्या ओळीच्या मागे केवढं आयुष्य आहे ते बघा.

काथचा मुलगा

अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल-बिरुनी यांचा जन्म सप्टेंबर 973 मध्ये ख्वारिज्ममधल्या काथ शहराजवळ झाला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. फारसीत बिरून म्हणजे बाहेर. शहराच्या वेशीबाहेर राहणारा, म्हणून बिरुनी.

त्यांना शिकवलं अबू नस्र मन्सूर यांनी. ते तिथल्या राजघराण्यातले होते आणि त्या काळातले मोठे गणिती होते. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास बिरुनींनी दुपारच्या सूर्याची उंची मोजून काथचा अक्षांश काढला. आपल्याकडे बारावीचं पोरगं असतं तेवढं वय.

इथे थोडं थांबून बघू की या मोजमापांचा किब्ल्याशी काय संबंध. मदीनेत पैगंबर मुहम्मद (स.) आधी सोळा-सतरा महिने जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. हिजरी 2 मध्ये काब्याकडे वळण्याचा हुकूम आला. मदीनेहून जेरुसलेम उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला, म्हणजे अख्ख्या जमातीला पाठीमागे वळावं लागलं. मदीनेत मक्केची वाट माहीत नसलेला माणूस नव्हता, म्हणून तिथे दिशेचा प्रश्न नव्हता. पण इस्लाम दूर दूर पोचला तसा प्रश्न अवघड झाला. मध्य आशियात समरकंदकडे काही लोक दक्षिणेला तोंड करायचे, कारण पैगंबरांनी मदीनेत तसं केलं होतं. काही पश्चिमेला करायचे, कारण हजची वाट तिकडून निघायची. कुणी वाऱ्यावरून ठरवे, कुणी ताऱ्यावरून, कुणी हिवाळ्यातल्या सूर्यास्तावरून. एकाच गावात दोन मशिदी आणि त्यांची तोंडं दोन दिशांना, असंही होई.

गणितानं किब्ला काढायचा तर चार गोष्टी हव्यात: आपल्या गावाचा अक्षांश आणि रेखांश, तसेच मक्केचा अक्षांश आणि रेखांश. मग गोल पृथ्वीवरचा त्रिकोण सोडवायचा. अक्षांश सूर्यावरून किंवा ध्रुवताऱ्यावरून मिळतो. खरा घोळ रेखांशाचा.

तो गोल त्रिकोण काय करामत करतो याचं एक जवळचं उदाहरण देतो. नागपूर आणि मक्का जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंशांच्या थोडं वर. मग नागपूरकरांचा किब्ला नाकासमोर पश्चिमेला असायला हवा ना? नाही. तो पश्चिमेपासून साधारण 8 अंश उत्तरेला येतो, कारण गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता नकाशावरच्या सरळ रेघेसारखा नसतो. आमच्या सणसरहून तो पश्चिमेपासून साधारण 12 अंश उत्तरेला आहे. ढोबळमानानं बारामतीच्या बाजूला.

पळापळ, गरिबी आणि एक ग्रहण

बिरुनी बावीस वर्षांचे असताना, 995 मध्ये, काथवर हल्ला झाला. गुरगंजच्या अमिरानं काथचं राज्य बुडवलं आणि बिरुनींच्या गुरूंच्या घराण्याची सत्ता गेली. बिरुनींना जीव वाचवून पळावं लागलं. ते रय शहरात पोचले, म्हणजे आजच्या तेहरानजवळ. खिशात काही नव्हतं. तिथल्या एका ज्योतिष्याशी त्यांचा विद्येच्या मुद्द्यावर वाद झाला, तर त्यानं फाटक्या परिस्थितीवरून त्यांची टर उडवली. पुढे बिरुनींचे दिवस पालटले तेव्हा तोच माणूस गोड बोलायला लागला. हे बिरुनींनी स्वतःच लिहून ठेवलंय.

रयमध्येच त्यांची अल-खुजंदींशी भेट झाली. खुजंदींनी सूर्य मोजायला एक प्रचंड यंत्र बांधलं होतं. एवढं मोठं यंत्र त्या काळात दुसरीकडे नव्हतं. तरी उत्तर थोडं चुकलं. कारण काय, तर वरचं बांधकाम स्वतःच्या वजनानं वीतभर खचलं होतं. खुजंदींनी ते मोकळेपणानं सांगितलं आणि बिरुनींनी नोंदवून ठेवलं. हे वाचताना मला ट्रॅक्टरचं बॉनेट आठवलं. यंत्र केवढंही मोठं किंवा महाग असू दे, ते कशावर ठेवलंय हे आधी बघावं लागतं.

मग 24 मे 997 ची रात्र आली. त्या रात्री चंद्रग्रहण होतं. बिरुनी तोवर काथला परतले होते. त्यांनी आधीच बगदादच्या अबुल वफा या थोर गणितींशी ठरवून ठेवलं होतं की दोघांनी आपापल्या गावात ग्रहणाची स्थानिक वेळ टिपायची. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं, पण घड्याळातली वेळ गावागणिक वेगळी. एक तासाचा फरक म्हणजे रेखांशाचे 15 अंश. दोघांच्या नोंदींत साधारण तासाभराचा फरक आला आणि काथ ते बगदाद हे रेखांशातलं अंतर हाती लागलं.

विचार करा, फोन नाही, तार नाही. दोन हजार किलोमीटरच्या आसपास लांब बसलेल्या दोन माणसांनी पत्रावर विसंबून एकाच चंद्राकडे बघितलं. रेखांश एकट्यानं काढता येत नाही. दुसरीकडे कुणीतरी जागं असावं लागतं आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

पुढची काही वर्षं ते जुरजानच्या राजाकडे होते. तिथे 1000 च्या सुमारास त्यांनी वेगवेगळ्या समाजांची कालगणना आणि सण यांवर मोठा ग्रंथ लिहिला. मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, पारशी, प्रत्येकाचं वर्ष कसं मोजतात ते त्यात आहे. नंतर ते गुरगंजच्या दरबारात गेले आणि तिथे त्यांना मानमरातब मिळाला.

त्यांच्या लिखाणातली एक आठवण मला फार आवडते. नमाजची वेळ सावलीवरून काढायचं एक साधन त्यांनी बांग देणाऱ्या एका धार्मिक माणसाला दाखवलं. त्यावर रूमी लोकांच्या महिन्यांची नावं कोरली होती. तो म्हणाला, हे परक्या धर्माचं, मी वापरणार नाही. बिरुनींनी त्याला सांगितलं की रूमी लोक जेवतात आणि बाजारातही फिरतात, मग या दोन गोष्टीही तू सोडून दे.

गझना: कैदेतली विद्या

1017 मध्ये महमूद गझनवीनं ख्वारिज्म जिंकलं. तिथला शाह बंडात मारला गेला होता, तेच निमित्त झालं. महमूदनं परत जाताना विद्वानांना सोबत नेलं. त्यात बिरुनी होते आणि त्यांचे म्हातारे गुरू अबू नस्रही होते. हे मानानं नेणं होतं की कैद होती, यावर जाणकारांत एकमत नाही. पण आपल्या मर्जीनं ते गेले नव्हते आणि मर्जीनं परत येऊ शकले नाहीत, एवढं खरं.

ऑक्टोबर 1018 मध्ये ते काबूलजवळच्या एका गावात होते. मनाची अवस्था फार वाईट होती. आपल्यावर नूह आणि लूत पैगंबरांसारखी वेळ आली आहे, असा उल्लेख त्यांनी केलाय. जवळ एकही यंत्र नव्हतं. त्यांनी काय केलं? हिशेब करायची पाटी घेतली, तिच्या पाठीवर अंशांच्या खुणा आखल्या, एक ओळंबा लटकवला आणि त्या जुगाडावर सूर्याची उंची मोजून गावाचा अक्षांश काढला.

मी हा प्रसंग दोन-तीनदा वाचला. घर गेलं, राज्य गेलं, पुढे काय होणार माहीत नाही. अशा वेळी हा माणूस आधी आपण कुठे उभे आहोत ते मोजतो. किब्ल्याचं पहिलं पाऊलही तेच आहे. मक्का कुठे आहे हे नंतर, आधी मी कुठे आहे.

गझनात बसून त्यांनी एक ग्रंथ लिहिला, तहदीद निहायात अल-अमाकिन. तो 1025 मध्ये पुरा झाला. शहरांमधली अंतरं आणि त्यांच्या जागा अचूक कशा ठरवायच्या, हा त्याचा विषय. आणि शेवटी जाऊन पोचायचं ठिकाण एक: गझनाचा किब्ला. बगदादपासून गझनापर्यंत एकेक शहर घेत, त्यांच्यातली अंतरं तपासत, त्यांनी रेखांशांची साखळी जोडली. एका वाटेनं आलेलं उत्तर दुसऱ्या वाटेनं पडताळलं. मग गझनाचा किब्ला एकाच नाही तर वेगवेगळ्या रीतींनी काढला. तो पश्चिमेपासून थोडा दक्षिणेकडे येतो. आजच्या हिशेबानं हा कल साधारण 18 अंशांचा आहे आणि त्यांचं उत्तर याच्या अगदी जवळ होतं.

भूगोल आणि गणित शिकणं हे दीनच्या कामाचं नाही, असं म्हणणारे तेव्हाही होते. बिरुनींनी त्यांना किब्ल्याचंच उदाहरण दिलं. आणि ते तिथेच थांबले नाहीत. ज्यूंनाही जेरुसलेमची दिशा लागते, ख्रिस्ती लोकांना प्रार्थनेसाठी खरी पूर्व लागते, म्हणजे ही विद्या त्यांच्याही उपयोगाची, असं त्यांनी मांडलं. स्वतःचा किब्ला शोधताना त्यांना दुसऱ्याच्या किब्ल्याचीही आठवण होती.

याच काळात त्यांनी नंदना किल्ल्यावरून पृथ्वी मोजली. हा किल्ला आज पाकिस्तानातल्या पंजाबात मिठाच्या डोंगररांगेत आहे. डोंगराची उंची काढली, माथ्यावरून क्षितिज किती अंश खाली झुकलेलं दिसतं ते बघितलं आणि या दोन आकड्यांवरून पृथ्वीची त्रिज्या काढली. त्यांचं माप हातांत आहे. एक हात किती लांबीचा धरायचा यावर किलोमीटरचा आकडा थोडा बदलतो, पण तो आजच्या 6,371 किलोमीटरच्या आसपासच राहतो.

मशिदीकडे तोंड आणि पाठीमागे काय

आता अवघड भागाकडे येतो, कारण तो टाळून हे चरित्र सांगणं बरोबर नाही.

ज्या 1025 मध्ये बिरुनी किब्ल्याचा ग्रंथ पुरा करत होते, त्याच वर्षी महमूद सोमनाथच्या स्वारीवर निघाला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला त्यानं ते देऊळ लुटलं आणि मोडलं. महमूदही नमाजी होता, त्याचंही तोंड किब्ल्याकडेच होतं. आपण मराठी मुलखातली माणसं, आपल्या शेजारच्या घरांत या आठवणी आहेत. आपण त्यावर गप्प बसणं मला योग्य वाटत नाही.

बिरुनी गप्प बसले नाहीत. ते त्याच दरबाराचे अन्न खात होते. तरी त्यांनी हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात लिहिलं की महमूदच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळवली आणि इथले लोक धुळीच्या कणांसारखे उधळले गेले. इथल्या विद्या दूर काश्मीर आणि बनारसकडे निघून गेल्या आणि लोकांच्या मनात मुसलमानांबद्दल खोल तिटकारा बसला, हेही लिहिलं. ग्रंथ पुरा झाला 1030 च्या सुमारास, त्याच वर्षी महमूद वारला.

दुसरीकडे या माणसानं संस्कृत शिकायला घेतलं, तेही चाळिशी ओलांडल्यावर. पंडित शोधले, पोथ्या जमवल्या, त्यासाठी जवळचा पैसा ओतला. सुरुवातीला तो इथल्या ज्योतिर्विदांपुढे शिष्यासारखा बसला. सांख्य आणि पतंजलीचं योगशास्त्र त्यानं अरबीत नेलं, गीतेतले विचार आपल्या वाचकांना समजावून सांगितले. ऐंशी प्रकरणांच्या त्या ग्रंथात देव, कर्म, सण, वजनमापं, नद्या, ग्रहणं, सगळं आहे. जिथे पटलं नाही तिथे तसं स्पष्ट म्हटलंय. पण आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्याच बाजूनं पुरतं मांडलंय.

बिरुनी स्वतः आपल्या भागात आल्याची नोंद नाही. त्यांचा वावर मुख्यतः पंजाबात होता. पण त्यांच्या ग्रंथातल्या वाटांच्या यादीत नर्मदेच्या दक्षिणेला मरहट्टदेश येतो आणि पुढे कोकण येतं, ज्याची राजधानी त्यांनी ठाणं दिली आहे. हजार वर्षांपूर्वी, गझनाच्या थंडीत बसून, कुणा प्रवाशाला विचारून विचारून त्यांनी आपल्या मुलखापर्यंतची अंतरं टिपली होती. ठाण्यात राहणाऱ्या दोस्तांनो, पुढच्या वेळी लोकल पकडताना आठवा.

महमूदच्या दरबारातली अजून एक गोष्ट सांगतात. दूर उत्तरेकडून आलेल्या एका दूतानं सांगितलं की त्यांच्याकडे सूर्य कित्येक दिवस मावळतच नाही. महमूदला वाटलं हा दीनविरोधी बोलतोय, कारण रात्रच नसेल तर नमाजच्या वेळा कशा व्हायच्या? तो संतापला. बिरुनींनी पृथ्वीचा आकार आणि सूर्याची चाल समजावून सांगितली आणि दूताचं म्हणणं खरं असू शकतं हे पटवलं. अज्ञानातून आलेली धर्मनिष्ठा एका माणसाच्या जिवावर उठू शकते. तिथे ज्ञान उपयोगी पडलं.

अखेरपर्यंत विचारत राहिले

महमूदनंतर मसऊद गादीवर आला. त्यानं बिरुनींना आधीपेक्षा चांगलं वागवलं. बिरुनींनी खगोलशास्त्राचा आपला सगळ्यात मोठा ग्रंथ, अल-कानून अल-मसऊदी, त्याला अर्पण केला. सांगतात की मसऊदनं बक्षीस म्हणून हत्तीभर चांदी पाठवली आणि बिरुनींनी ती खजिन्यात परत धाडली. वर्षातले नौरोज आणि मिहरजान हे दोन दिवस सोडले तर त्यांच्या हातातून लेखणी सुटत नसे, असंही त्यांच्याबद्दल लिहिलेलं आहे. उतारवयात त्यांनी रत्नांवर आणि औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिले.

1048 च्या सुमारास गझनात त्यांचं निधन झालं. अखेरच्या दिवसाची आठवण त्यांना भेटायला गेलेल्या एका फकीहनं, म्हणजे कायदा जाणणाऱ्या विद्वानानं, सांगितली आहे. बिरुनींचा श्वास लागला होता. तरी त्यांनी वारसाहक्काचा एक किचकट मसला काढला आणि तो कसा सुटतो ते विचारलं. पाहुण्याला कीव आली, या अवस्थेत हे कशाला? बिरुनींचं म्हणणं पडलं की न जाणता जाण्यापेक्षा जाणून गेलेलं बरं. फकीहनं मसला समजावला, बिरुनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. फकीह निघाला. तो रस्त्यातच होता, तेवढ्यात घरातून रडण्याचा आवाज आला.

मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत

नेकी दिशेत नाही, तर दिशेसाठी एवढी धडपड कशाला?

मला बिरुनींच्या आयुष्यातून मिळालेलं उत्तर असं आहे. दिशा बरोबर शोधायची म्हणजे मी कुठे उभा आहे हे खरंखरं मान्य करायचं. मला माहीत नसेल तर विचारायचं, परक्याकडूनही शिकायचं, आलेलं उत्तर पुन्हा तपासायचं आणि चुकलं तर वळायचं. ही सवय मुसल्ल्यावर लागली की ती मुसल्ल्याबाहेरही कामाला येते. ज्या माणसानं किब्ला एवढ्या इमानदारीनं मोजला, त्याच माणसाला आपल्या सुलतानानं काय केलं तेही खोटं न बोलता लिहिता आलं. आणि ज्याचं तोंड किब्ल्याकडे आहे पण पाठीमागे लुटलेली घरं आहेत, त्याला आजची आयत विचारते की, नेकी कुठे आहे?

बारीक अंशांची फार धास्तीही घेऊ नका. काब्यापासून लांब असणाऱ्यांसाठी हनफी मताप्रमाणे ती बाजू धरली तरी पुरतं, 45 अंशांच्या आत थोडं इकडेतिकडे झालं तरी नमाज होते. शाफई मत नेमक्या काब्याचा जास्त आग्रह धरतं. आपल्या कोकणातली बरीच मंडळी शाफई आहेत, त्यांनी आपल्या आलिमना विचारावं. सूरह बकरामध्येच 115 वी आयत आहे, तिचा आशय असा की पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाहचीच आहेत.

आता शेवट सणसरचा. ॲपची फजिती झाली त्याच महिन्यात, 28 मे ला, मी दादांना एक गंमत दाखवली. दरवर्षी 28 मे आणि 16 जुलैला (लीप वर्षात एक दिवस आधी) सूर्य बरोबर काब्याच्या डोक्यावर येतो. तेव्हा आपल्याकडे अनुक्रमे दुपारचे 2 वाजून 48 मिनिटं आणि 2 वाजून 57 मिनिटं झालेली असतात. त्या क्षणी जमिनीत काठी उभी रोवली की तिची सावली काब्याच्या बरोबर उलट दिशेला पडते. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे बघितलं की तो किब्ला. ना चुंबक, ना नेटवर्क.

आम्ही अंगणात पहार उभी केली, ओळंब्यानं सरळ केली आणि वेळ झाल्यावर सावलीवर चुन्यानं रेघ ओढली. दादा आयुष्यभर समोरच्या लिंबाच्या झाडाच्या रोखानं उभे राहत आलेत. रेघ लिंबाच्या थोडी उजवीकडे गेली. मला वाटलं ते नाराज होतील. सत्तरी ओलांडलेला माणूस, इतक्या वर्षांची सवय. त्यांनी रेघेकडे बघितलं, विचारलं की हे कुणी शोधलं, मी जमेल तसं सांगितलं. असरच्या वेळी त्यांनी मुसल्ला उचलला आणि चार बोटं उजवीकडे वळवून टाकला. बस्स, एवढंच.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघून सणसरला मुक्कामाला येते. आमचा किब्ला ज्या बाजूला, त्या बाजूनं वारकरी येतात आणि आमच्या पाठीकडे, पंढरीकडे, जातात. दादा दरवर्षी दारात पाण्याचा माठ आणि बसायला सतरंजी ठेवतात. आजच्या आयतीत वाटसरू आहेत, ते मला पूर्वी कुठे दूरच्या वाळवंटातले वाटायचे.

आजचा अमल

एक, आपल्या खोलीचा किब्ला आज पुन्हा तपासा. मोबाईल लोखंडापासून आणि चुंबकी कव्हरपासून लांब ठेवा आणि घरातल्या मोठ्यांना विचारा. 28 मे किंवा 16 जुलै जवळ असेल तर काठी रोवा.

दोन, आयतीतल्या यादीतलं एक माणूस निवडा: नातेवाईक, अनाथ, गरीब, वाटसरू किंवा मागणारा. मुसल्ला घडी केल्यावर त्याच्यासाठी काय करता येईल ते ठरवा आणि आजच करा.

या अल्लाह, आमची तोंडं बरोबर दिशेला ठेव, आणि चुकलो तर वळायची हिंमत दे. आमीन.

उद्या 178 वी आयत. भेटू, इन्शाअल्लाह.